विजेवर युरिया: तांबे-जस्ताचा उत्प्रेरक कसा रचायचा, करायचा आणि तपासायचा

सगळं जमून आलं तर या कृतीच्या शेवटी हाती येतो एक चौरस सेंटिमीटरचा काळा कागद आणि तासाला साधारण ०.०९ मिलीग्रॅम युरिया. या वेगाने ४५ किलोचं एक पोतं भरायला पन्नास कोटी तास लागतील. विजेचा हिशेबही आधीच उरकून टाकू. नायट्रेटपासून युरियाचा एक रेणू करायला १६ इलेक्ट्रॉन लागतात. सेलवर २.५ व्होल्ट धरले आणि एकही इलेक्ट्रॉन वाया जात नाही असं मानलं, तरी किलोला १७.८ युनिट, म्हणजे पोत्याला सुमारे ८०० युनिट वीज लागते. प्रत्यक्षात सात-आठ पट जास्त. दुकानात तेच पोतं अनुदानामुळे २६६ रुपयांच्या आसपास मिळतं. तेव्हा खताच्या दुकानाशी स्पर्धा करायचा विचार आज सोडून द्या.

काम वेगळं आहे. सध्याच्या पद्धतीत आधी ४००-५०० अंशांवर आणि शंभराहून जास्त बार दाबाखाली अमोनिया करतात, मग १५०-२०० बारवर त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालतात. हीच गाठ खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाला, पाण्यात घालता येते का हे पाहायचं आहे. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न अगदी परका नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो चिमणीच्या धुरापेक्षा कितीतरी शुद्ध असतो. खालची कृती एमएस्सी-पीएचडीच्या लॅबमध्ये, पोटेन्शिओस्टॅट (सेलवर ठरवलेलं व्होल्टेज धरून ठेवणारं यंत्र) आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर करता येते.

उत्प्रेरकाकडून नेमकं काय हवं

प्रक्रिया अशी: एक कार्बन डायऑक्साइड, दोन नायट्रेट, अठरा प्रोटॉन आणि सोळा इलेक्ट्रॉन मिळून एक युरिया आणि सात रेणू पाणी. कागदावर सरळ दिसतं. पृष्ठभागावर मात्र दोन स्वतंत्र कामं चालू असतात. कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन काढून तो कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात धातूला चिकटवायचा, आणि नायट्रेटचे ऑक्सिजन एकेक करून काढत अर्धवट क्षपण झालेला नत्र धातूवर ठेवायचा. दोघं शेजारी असतील तरच कार्बन-नत्र बंध होतो. नत्राचं काम पुरं होऊन अमोनिया पाण्यात निसटला की तो परत येऊन कार्बनला धरत नाही, निदान या तापमानाला नाही. नेमका कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला आधी जोडला जातो यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि प्रत्येक धातूवर उत्तर एकच असेल असंही नाही. रचनेसाठी ते नक्की कळायची वाट पाहावी लागत नाही.

खरी अडचण वेगाची. नायट्रेटपासून अमोनियमचं मानक विभव (ज्या व्होल्टेजपासून क्रिया सुरू होऊ शकते ते) हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे +०.८८ व्होल्ट, तर कार्बन डायऑक्साइडपासून मोनॉक्साइडचं −०.११ व्होल्ट. म्हणजे कार्बन हलायला लागतो तोवर नायट्रेट एक व्होल्ट पुढे गेलेलं असतं. त्यात २५ अंशांना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो फक्त ३३ मिलिमोलर, आणि नायट्रेट मात्र आपण हवं तेवढं ओततो. म्हणून बहुतेक नवशिक्यांच्या सेलमध्ये युरियाऐवजी अमोनिया होतो. उत्प्रेरक रचताना नत्राची बाजू आवरायची आणि कार्बनची बाजू ढकलायची. दोन्ही बाजू वेगवान करायच्या नाहीत. हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात.

धातू निवडताना

कार्बनच्या बाजूने पाहिलं तर सोनं, चांदी आणि जस्त मोनॉक्साइड देतात. कथील, इंडियम, बिस्मथ, शिसं यांचा कल फॉर्मेटकडे. तांबं मोनॉक्साइड धरून ठेवतं आणि पुढेही नेतं. लोखंड, निकेल, प्लॅटिनम यांच्यावर मोनॉक्साइड असा घट्ट बसतो की जागा अडते आणि उरतो फक्त हायड्रोजन. नत्राच्या बाजूने पाहिलं तर तांबं नायट्रेटचं नायट्राइट चटकन करतं आणि पुढे थोडं रेंगाळतं, कोबाल्ट ते अमोनियापर्यंत नेऊन सोडतं. आपल्याला रेंगाळणाराच हवा आहे.

म्हणून तांबं आणि जस्त. जस्त मोनॉक्साइड करून सोडतं, शेजारचं तांबं तो पकडतं आणि तिथेच अर्धवट नत्र बसलेला असतो. दोन्ही धातू स्वस्त आहेत, दोन्हींचं रसायन ओळखीचं आहे. तांबे-जस्ताच्या अशा जोडउत्प्रेरकावर योग्य नायट्रेट पातळीला ७० टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता (दिलेल्या विद्युतभारातला युरियात गेलेला वाटा) २०२३ मध्ये प्रसिद्धही झाली आहे. पहिल्या प्रयत्नात १०-१५ टक्के आले तरी वाईट नाही. इंडियम हायड्रॉक्साइडचा विशिष्ट पैलू, सिरियम ऑक्साइडवरचे सुटे तांब्याचे अणू, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असलेलं झिंक ऑक्साइड हेही रस्ते आहेत; पण ते दुसऱ्या वर्षी घ्यावेत.

हवेतल्या नायट्रोजनपासून सुरुवात करू नये. २०२० मध्ये पॅलेडियम-तांब्याच्या मिश्रधातूवर नायट्रोजन वायूपासून युरिया मिळाल्याचा शोधनिबंध गाजला, आणि तेव्हापासून अनेकांना तोच मार्ग मोहात पाडतो. पण त्या तिहेरी बंधाची ताकद मोलला ९४१ किलोज्यूल, पाण्यातली विद्राव्यता एका मिलिमोलरपेक्षाही कमी, आणि सिलिंडरमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचा अंश असला तरी तोच युरिया देऊन जातो. मिळालेला युरिया वायूचा की मळाचा, हे ठरवण्यातच प्रकल्प संपतो.

आधी नत्राची झाडाझडती

ही पायरी बहुतेक लेखांत दोन ओळींत आटोपते, आणि चुकीचे आकडे बहुधा इथेच जन्मतात. आपण मोजणार आहोत ते उत्पादन तासाला दीड मायक्रोमोल. मे महिन्यात, कुलर बंद असताना, कपाळावरून सेलमध्ये पडलेल्या घामाच्या एका थेंबाचा विचार करा. घामात युरिया असतो. २० मिलिमोलर धरला तर ५० मायक्रोलीटरच्या थेंबात एक मायक्रोमोल! तासाभराच्या मेहनतीचा दोन-तृतीयांश भाग एका थेंबात आला. हातमोजे कायम, आणि कोरड्या त्वचेवरची क्रीम लावलेल्या हाताने हातमोजेही चढवू नका, कारण अशा अनेक क्रीममध्ये युरिया असतो. माती-परीक्षणाचं काम त्याच टेबलावर चालत असेल तर टेबल बदला.

उत्प्रेरकाच्या कृतीतही नत्र नको. पुस्तकी हायड्रोथर्मल कृतींत अवक्षेपासाठी युरियाच वापरतात. तो धुतल्यावरही छिद्रांत राहतो आणि पुढे 'उत्पादन' म्हणून बाहेर येतो. अमोनिया, हायड्रॅझिन, डीएमएफ, पीव्हीपी हे नत्र असलेले पदार्थ टाळा. धातूंचे नायट्रेट क्षारही टाळा. नत्रयुक्त कार्बनचा आधार पहिल्या फेरीत नको. कार्बन पेपर नायट्रिक आम्लात उकळायची सवय असेल तर ती मोडा आणि त्याऐवजी सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरा.

पाणी फक्त डीआयोनाइज्ड, १८ मेगाओह्मचं. पिण्याच्या पाण्यात ४५ मिलीग्रॅम प्रति लिटर नायट्रेट मान्य असतं, म्हणजे ०.७ मिलिमोलर, 'नायट्रेटविना' चाचणी अशा पाण्यात केली तर ती चाचणीच राहत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅथोडजवळच्या अल्कधर्मी थरात कार्बोनेट होऊन पांढरं कवच धरतं. सोलापुरात गिझरच्या कॉइलवर जे बसतं, तेच इथे.

उत्प्रेरकाची कृती: तांबं ७, जस्त ३

डाळिंबावर बोर्डो मिश्रण फवारण्यासाठी मिळणारं मोरचूद (कॉपर सल्फेट) खूप स्वस्त, पण ते इथे चालत नाही. त्यात लोखंडाचा अंश असतो आणि सल्फेटमधला गंधक थोडाही राहिला तर तांबं फॉर्मेटकडे वळतं. दोन्ही धातूंचे अ‍ॅसिटेट क्षार, विश्लेषण प्रतीचे, घ्या.

कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट १.३९८ ग्रॅम (७ मिलिमोल) आणि झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट ०.६५९ ग्रॅम (३ मिलिमोल) १०० मिलीलीटर पाण्यात विरघळवा. द्रावण ६० अंशांवर आणा. वेगळ्या बीकरमध्ये एक मोलर सोडियम कार्बोनेट तयार ठेवा. जोरात ढवळत कार्बोनेट थेंबाथेंबाने सोडा आणि पीएच ७.५ ते ८ च्या दरम्यान थांबवा. साधारण ११-१२ मिलीलीटर लागतात. घाई केली, एकदम ओतलं, तर तांबं आधी आणि जस्त नंतर बसतं, दोघांचे वेगळे कण होतात आणि शेजार साधण्याचा मूळ हेतूच जातो. पीएच ११ च्या पुढे गेला तर जस्त झिंकेट होऊन पुन्हा विरघळतं आणि गाळणीतून निघून जातं. तुम्ही ७:३ समजता, हातात ९:१ असतं. अवक्षेप निळसर-हिरवा दिसला पाहिजे. तो तिथेच काळवंडायला लागला तर तापमान किंवा पीएच जास्त झाला आहे.

ढवळत त्याच तापमानाला दोन तास मुरू द्या. गाळा आणि गरम पाण्याने धूत राहा, धुवणाचा पीएच ताज्या पाण्याइतका होईपर्यंत. चार-पाच वेळा तरी. सोडियम राहिलं तर भाजताना कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. ८० अंशांवर रात्रभर वाळवा, खलात हलक्या हाताने बारीक करा, मग मफल भट्टीत हवेत मिनिटाला २ अंशांनी ३५० पर्यंत नेऊन ३ तास ठेवा. काळी भुकटी मिळते.

वजन करा. ७ मिलिमोल कॉपर ऑक्साइड ०.५५७ ग्रॅम आणि ३ मिलिमोल झिंक ऑक्साइड ०.२४४ ग्रॅम, एकूण ०.८० ग्रॅम. हातात ०.८५ च्या वर आले तर कार्बोनेट पुरतं फुटलेलं नाही किंवा धुणं कमी पडलं. ०.७० च्या खाली आले तर गाळणीवर सांडलं किंवा जस्त निसटलं. प्रमाण आयसीपीने (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) कॉपर ऑक्साइडच्या रेषा ३५.५ आणि ३८.७ अंशांना, झिंक ऑक्साइडच्या ३१.८, ३४.४ आणि ३६.३ ला दिसतात.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या: ही भुकटी म्हणजे उत्प्रेरक नव्हे, त्याचा कच्चा माल. सेलमध्ये ऋण विभव लागताच कॉपर ऑक्साइडचं तांबं होतं, झिंक ऑक्साइडही −०.५ व्होल्टच्या खाली (हे आणि पुढचे विभव हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत) अंशतः धातूकडे सरकतं. पहिल्या मिनिटांत जो मोठा विद्युतप्रवाह दिसतो त्यातला बराच भाग याच क्षपणाचा. म्हणून मोजमापाआधी नायट्रेट नसलेल्या द्रावणात −०.७ व्होल्टवर १५ मिनिटं 'जागवून' घ्या आणि तो विद्युतभार हिशेबात धरू नका.

इलेक्ट्रोड

भुकटी ५ मिलीग्रॅम, कार्बन ब्लॅक १ मिलीग्रॅम, आयसोप्रोपॅनॉल ७३५ मायक्रोलीटर, पाणी २४५ मायक्रोलीटर, पाच टक्क्यांचं नॅफियॉन (भुकटी कागदाला धरून ठेवणारं बहुवारिक) द्रावण २० मायक्रोलीटर. बर्फाच्या पाण्यात ३० मिनिटं सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून एकजीव करा. उन्हाळ्यात सोनिकेटरचं पाणी एरवीही कोमट असतं, बर्फ नसेल तर अर्धं अल्कोहोल उडून जातं आणि शाई घट्ट होते. कार्बन पेपरवर १ × १ सेंटिमीटर सोडून बाकी भाग टेपने झाका. ५० मायक्रोलीटरच्या चार थरांत २०० मायक्रोलीटर टाका. प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. चौरस सेंटिमीटरला १ मिलीग्रॅम भुकटी बसते. पंख्याखाली सुकवू नका. कडेला काळं वर्तुळ आणि मध्ये फिकट डाग पडला तर द्रावक फार झपाट्याने उडाला, तो इलेक्ट्रोड टाकून द्या. पेट्री डिश अर्धवट झाकून सुकवलं की थर सारखा बसतो.

नॅफियॉन वाढवायचा मोह होतो कारण थर गळत नाही. पण जास्त झालं की ते छिद्रं बुजवतं आणि स्वतः अमोनियम शोषून बसतं.

सेल आणि द्रावण

दोन कप्प्यांचा एच-सेल, दोन्हीकडे ३० मिलीलीटर, मध्ये नॅफियॉन ११७ चा पडदा. पडदा ८० अंशांवर एक तास तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, मग पाण्यात, मग एक तास अर्ध्या मोलर सल्फ्युरिक आम्लात, पुन्हा पाण्यात. जुना पडदा आधीच्या प्रयोगातलं अमोनियम हळूहळू सोडत राहतो. युरियाला विद्युतभार नसल्याने तो पडद्यातून ॲनोडकडेही जातो. लांब प्रयोगांत ॲनोडचं द्रावणही तपासा. समोरचा इलेक्ट्रोड ग्राफाइटचा ठेवावा. प्लॅटिनम थोडंथोडं विरघळून कॅथोडवर येऊन बसतं आणि मग हायड्रोजनचीच चलती होते.

द्रावण: पोटॅशियम बायकार्बोनेट ०.१ मोलर (१०० मिलीलीटरला १.००१ ग्रॅम) आणि पोटॅशियम नायट्रेट ०.०२ मोलर (०.२०२ ग्रॅम). अनेक जण नायट्रेटही ०.१ मोलर घेतात. त्याने विद्युतप्रवाह छान दिसतो, पण तो अमोनियाचा असतो. ०.०२ वर नायट्रेट विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कमी राहतं, आणि तासाभरात त्यातलं चार-पाच टक्केच संपतं.

कार्बन डायऑक्साइड मिनिटाला २० मिलीलीटर, आधी ३० मिनिटं, नंतर सतत. सिलिंडर आणि सेलमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्लाची एक बाटली ठेवा, हवेतला-नळीतला अमोनिया तिथे अडतो. डिस्टिलरीचा वायू वापरायचा असेल तर गंधकाची संयुगं काढायला सक्रिय कोळशाचा स्तंभ आधी लावा. पीएच ६.८ वर स्थिर झाला की द्रावण संपृक्त झालं.

तापमान हा इथला खास मुद्दा. ४० अंशांना कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ३३ वरून २४ मिलिमोलरवर येते, हायड्रोजन मात्र जोर धरतो. जानेवारीत केलेला आणि मे महिन्यात केलेला प्रयोग एकाच आलेखावर टाकला तर उत्प्रेरक बिघडला असं वाटेल, बिघडलेली असते हवा. सेलभोवती २५ अंशांचं थंड पाणी फिरवा. फिरवणारं यंत्र नसेल तर निदान प्रत्येक वाचनापुढे द्रावणाचं तापमान लिहा.

संदर्भासाठी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये. २५ अंश आणि पीएच ६.८ ला हायड्रोजन मापनपट्टीवर यायला ०.१९७ अधिक ०.०५९ गुणिले ६.८, म्हणजे ०.५९८ व्होल्ट मिळवा. −०.७ हवे असतील तर पोटेन्शिओस्टॅटवर −१.२९८ टाका. कोरड्या हवेत टोकाचा सच्छिद्र भाग आठवड्यात वाळतो. आठवड्यातून एकदा ताज्या इलेक्ट्रोडशी ताडून पाहा; ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बदला.

आणि यूपीएस. वीज क्षणभर गेली तरी विभव सुटतं, तांबं नायट्रेटच्या द्रावणात गंजायला लागतं, वीज आली की विरघळलेलं तांबं वेगळ्याच आकारात परत बसतं. त्यानंतरचे आकडे दुसऱ्याच उत्प्रेरकाचे असतात. असा प्रयोग 'थोडा अडथळा आला' म्हणून वहीत चालवून घेऊ नका, पुन्हा करा. प्रयोग संपतानाही विभव चालू असतानाच इलेक्ट्रोड बाहेर काढा आणि मग यंत्र बंद करा.

बाहेर जाणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. नळी फ्यूम हुडमध्येच सोडा.

चालवणं

आधी सेकंदाला ५ मिलिव्होल्टने विभव बदलत विद्युतप्रवाहाच्या तीन रेषा काढा: आर्गॉनमध्ये नुसतं बायकार्बोनेट, कार्बन डायऑक्साइडमध्ये बायकार्बोनेट, आणि त्यात नायट्रेट. तिसऱ्या रेषेत प्रवाह वाढतो हे युरियाचं लक्षण मानायचं नाही, तो बहुतांश नायट्रेटचा. मग −०.५, −०.६, −०.७, −०.८ आणि −०.९ व्होल्टवर प्रत्येकी एक तास, दर वेळी नवा इलेक्ट्रोड. एकच इलेक्ट्रोड पाच विभवांना वापरला तर पाचव्या आकड्यात आधीच्या चार तासांची झीज मिसळते.

युरिया मोजणं

डायअ‍ॅसिटिल मोनॉक्झिम पद्धत सगळ्यात सोयीची. पहिलं द्रावण: ६०० मिलीलीटर पाण्यात सावकाश ३०० मिलीलीटर संहत सल्फ्युरिक आम्ल, थंड करत करत, मग १०० मिलीलीटर संहत फॉस्फरिक आम्ल आणि १०० मिलीग्रॅम फेरिक क्लोराइड. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. दुसरं: एक लिटरमध्ये ५ ग्रॅम डायअ‍ॅसिटिल मोनॉक्झिम आणि १०० मिलीग्रॅम थायोसेमिकार्बाझाइड. नमुना १ मिलीलीटर, पहिलं २, दुसरं १. बायकार्बोनेटमुळे फसफसतं, म्हणून झाकण सैल ठेवा. उकळत्या पाण्यात बरोबर १५ मिनिटं, गार करून ५२५ नॅनोमीटरला वाचन. गुलाबी रंग उजेडात फिका होतो, रांगेतल्या शेवटच्या नळीला पहिलीपेक्षा वीस मिनिटं जास्त उजेड मिळू देऊ नका.

प्रमाण द्रावणं शुद्ध पाण्यात करू नका. त्याच बायकार्बोनेट-नायट्रेटमध्ये करा. खतातला युरिया प्रमाण म्हणून चालत नाही, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो.

या पद्धतीचा शत्रू नायट्राइट. तांबं नायट्राइट भरपूर करतं आणि ते अभिक्रियेत घुसून वाचन बिघडवतं. नमुन्यात आधी थोडं सल्फॅमिक आम्ल घाला, नायट्राइटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. मग त्याच नमुन्यात माहीत असलेला युरिया मिसळून पाहा: १ मिलीग्रॅम प्रति लिटर घातला आणि ०.९५ ते १.०५ परत मिळाला तर पद्धत विश्वासाची. ०.७ मिळाला तर आधीचे सगळे आकडे बाजूला ठेवा.

दुसरी पद्धत युरिएजची: विकर युरियाचा अमोनिया करतं आणि अमोनिया किती वाढला ते मोजायचं. गंमत अशी की विरघळलेलं तांबं हेच विकर मारतं. उत्प्रेरक झिजत असेल तर युरिया कमी दिसतो आणि दोष उत्प्रेरकाला जातो. बफरमध्ये तांब्याला बांधून ठेवणारं एक मिलिमोलर ईडीटीए घाला. मूळ अमोनिया युरियाच्या वीस पट असेल तर दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढावा लागतो. अशा वेळी या पद्धतीवर फार भिस्त ठेवू नये. नमुने त्याच दिवशी मोजा, नाहीतर ४ अंशांवर ठेवा. धुळीतले जिवाणूही युरिया फोडतात.

हिशेब करून पाहू. १ चौरस सेंटिमीटर, ५ मिलिअँपिअर, एक तास: १८ कूलम्ब. द्रावण ३० मिलीलीटर, युरिया ३ मिलीग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ०.०९ मिलीग्रॅम, म्हणजे १.५ मायक्रोमोल. गुणिले १६, गुणिले ९६,४८५: २.३१ कूलम्ब. १८ ने भागलं की १२.८ टक्के. युरिया, अमोनिया, नायट्राइट, हायड्रोजन, मोनॉक्साइड, फॉर्मेट यांची बेरीज ९० ते १०५ च्या दरम्यान यायला हवी. युरिया ४० टक्के आणि बाकी काहीच मोजलेलं नाही, असे आकडे आम्ही तरी मनावर घेत नाही.

काय बिघडतं

अमोनियाच अमोनिया: नायट्रेट ०.०१ वर आणा, विभव ०.१ व्होल्टने जास्त ऋण करून पाहा, जस्ताचा वाटा वाढवा. हायड्रोजन जास्त: थर पातळ आहे किंवा कार्बन पेपर उघडा पडला आहे, नाहीतर कुठूनतरी लोखंड-प्लॅटिनम आलं आहे. फॉर्मेट वाढलं: गंधक शोधा. प्रवाह करवतीसारखा वरखाली होतो: बुडबुडे अडकताहेत, ढवळणं वाढवा. दुसऱ्या तासाला युरिया निम्मा: द्रावणात आयसीपीने जस्त पाहा आणि शेवटचा पीएच मोजा, तो ८ च्या पुढे गेला असेल तर कार्बन डायऑक्साइड पोचत नाही.

आर्गॉनमध्येही युरिया दिसला तर? हा सगळ्यात महत्त्वाचा दोष. क्रमाने जा: द्रावण न चालवता, मग विभव न लावता तासभर बुडवून, मग उत्प्रेरकाविना नुसता कार्बन पेपर, मग नायट्रेटविना. पण आधी हे तपासा की वाचन शून्य न येण्याचं कारण नायट्राइट तर नाही. बायकार्बोनेट स्वतःच थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून आर्गॉनची चाचणी फॉस्फेट बफरमध्येही करा. तिथेही आला तर मळ नक्की.

प्रमाण बदलून पाहणं

७:३ जमल्यावर ९:१, ५:५, ३:७, नुसतं तांबं आणि नुसतं जस्त, सगळे त्याच कृतीने. याशिवाय नुसतं कॉपर ऑक्साइड आणि नुसतं झिंक ऑक्साइड खलात ७:३ मिसळलेला एक इलेक्ट्रोड हवाच. एकत्र अवक्षेपित केलेला आणि नुसता मिसळलेला सारखाच युरिया देत असतील, तर शेजाराची कल्पना तुमच्या उत्प्रेरकात खरी उतरलेली नाही. फरक दिसला तर आधी पृष्ठफळाचा भाग वजा करा. त्यासाठी दुहेरी थराची धारिता (पृष्ठभागाजवळ साठणाऱ्या विद्युतभाराचं माप, त्यावरून पृष्ठफळ कळतं) आर्गॉनमध्ये, नायट्रेटविना, जिथे काहीच घडत नाही अशा अरुंद पट्ट्यात मोजा. नायट्रेट असताना काढलेली धारिता निरर्थक असते.

शेवटची खात्री

सगळ्यात चांगल्या विभवाला एक प्रयोग नायट्रोजन-१५ ने खुणावलेल्या पोटॅशियम नायट्रेटवर करा. ते महाग असतं, म्हणून १० मिलीलीटरचा छोटा सेल घ्या. ०.०२ मोलरला साधारण २० मिलीग्रॅमच लागतं. दोन तास चालवा. थोडा डीएमएसओ (एक द्रावक) मिसळून प्रोटॉन एनएमआर (चुंबकक्षेत्रात हायड्रोजनचे अणू ओळखणारी चाचणी) काढला की ५.५ पीपीएमच्या आसपास साध्या युरियाचं एक शिखर दिसतं, खुणावलेल्याची दोन दिसतात, त्यांच्यातलं अंतर सुमारे ९० हर्ट्झ. दोन आली तर युरियातला नत्र तुमच्या नायट्रेटचा. मध्ये तिसरं, एकटं शिखर उभं असेल तर तेवढा भाग बाहेरून आलेला आहे. पाण्याचं शिखर दाबताना युरियाचे प्रोटॉनही थोडे दबतात, म्हणून पीएच ७ च्या जवळ ठेवा आणि त्याच पद्धतीने प्रमाण द्रावणही काढा. एनएमआर दुसऱ्या गावच्या संस्थेत असेल तर नमुना बर्फाच्या डब्यात, भरलेल्या आणि घट्ट बंद कुपीत पाठवा, आणि सोबत त्याच दिवशी भरलेली, विभव न लावलेल्या द्रावणाची एक कुपी द्या.